परसबाग, घरचा कुत्रा व रविवारची फेरी

ज्याचे घरी शेती त्याचे घरी भाजीपाल्याची वाण नसावयाची, अशी शहरवासीयांची समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. कृष्णाकाठच्या बागायती गावांतून आठ-आठ, दहा-दहा एकर ऊस उभा असतो, आणि त्याच घरची गृहिणी आठवड्याच्या बाजारी कोथिंबिरीची जुडी विकत घेताना दृष्टीस पडते. पूर्वी मोटेच्या पाटाच्या कडेने चार वांगी, दहा मिरच्या व घेवड्याचा एखादा वेल आपोआप होत असे. सर्व रान एका पिकाखाली गेले, पाणी नळीतून वाहू लागले, घरामागील परसास फरशी बसली, आणि ही फुकटची भाजी नाहीशी झाली. परस गेले तसे परसातील कुत्रेही गेले. ते एक तर साखळीस बांधले गेले किंवा रस्त्यावर आले.

प्रस्तुत लेखात पतिपत्नींनी मिळून लहानशी परसबाग कशी चालवावी, त्या परसात कुत्रा असल्यास बाग व कुत्रा ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, आणि आठवड्यातून एक दिवस कुत्र्यास घेऊन शिवारात जाण्याने काय लाभ होतो, ह्यांचा विचार करावयाचा आहे. सातारा येथे आमचे घरी हा क्रम काही वर्षे चालू आहे. सबब विवेचनात घरचे दाखले येतील.

जागा व आखणी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फूट. दोन माणसांच्या घरास त्यातील निम्मी जागा, म्हणजे महसुली हिशेबाने आठ आणे, पुरेशी होते. जागेवर दिवसातून निदान सहा तास ऊन पडले पाहिजे. सावलीच्या बाजूस अळू, हळद व आले लावावे. शेवगा, कढीलिंब व कागदी लिंबू ही झाडे उत्तरेच्या अंगास ठेवावी, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकला असता त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही.

वाफा ३ फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी हात पोचला म्हणजे वाफ्यात पाय घालण्याचे कारण पडत नाही व माती दबत नाही. दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट असावी. कुंपणाच्या आतील बाजूने दोन फुटांची मोकळी पट्टी सभोवार सोडावी. ही पट्टी का सोडावयाची ते पुढे येईल.

पाण्यासाठी निराळी सोय लागत नाही. तांदूळ-डाळी धुतलेले व भाजी निवळलेले पाणी बादलीत साठवून वाफ्यास द्यावे. न्हाणीचे साबणमिश्रित पाणी पालेभाजीस देऊ नये. ते केळीच्या व कर्दळीच्या आळ्यात सोडावे. खतासाठी ३ फूट लांब, ३ फूट रुंद व तितकाच खोल असा एक खड्डा करून त्यात पालापाचोळा, भाजीची देठे व शेण यांचे थर द्यावे. ओलावा राखून मधून मधून वरखाली केल्यास तीन-चार महिन्यांत खत तयार होते. असे दोन खड्डे असले म्हणजे एक भरेपर्यंत दुसरा उपसता येतो.

पेरणीचा क्रम

मृगाचा पाऊस पडला की दोडका, पडवळ, कारले, भेंडी, गवार व घेवडा यांचे बी टोकावे. आमच्या जिल्ह्यात कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा प्रसिद्ध असून त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याचे बी परसातही चांगले येते. हस्ताचा पाऊस ओसरल्यावर मेथी, पालक, चाकवत, मुळा, गाजर, वांगी व टोमॅटो यांची पाळी येते. उन्हाळ्यात तांदुळजा, काकडी व भेंडी होतात.

पालेभाजीचा सर्व वाफा एकदम पेरणे हे बागेचे अर्धे नुकसान होय. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. सर्व मेथी एकाच वेळी आली तर चार दिवस घरात मेथीच मेथी, व पुढे महिनाभर काही नाही. वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एकेक भाग पेरावा, म्हणजे भाजी अखंड मिळते. धणे पेरताना ते चपलेने अथवा लाकडी ठोकळ्याने हलकेच रगडून दुभंगावे व रात्रभर भिजवावे. ज्या वाफ्यात वांगी झाली त्यात लागलीच टोमॅटो किंवा मिरची घेऊ नये. ही एकाच कुळातील पिके असल्याने एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. त्या जागी घेवडा किंवा गवार घ्यावी.

मावा, तुडतुडे इत्यादी किडींस पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. घरच्या बागेसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, किंचित साबण घालून संध्याकाळी फवारावी.

कामाची वाटणी

परसबाग एकट्याने काढली तर सहसा टिकत नाही. पुरुषास हौस असते, पण रोज काय शिजणार हे त्यास ठाऊक नसते. स्त्रीस ते ठाऊक असते, पण खणण्याचे व खत उपसण्याचे श्रम तिजवरच पडले म्हणजे बाग तिला जाच वाटू लागते. आमचे घरी खणणे, खत, पाणी व नोंदवही ही कामे आमच्याकडे आहेत. बियाणे राखणे, पेरणीचा दिवस ठरविणे व तोडणी ही कुटुंबाकडे आहेत. तोडणीचा अधिकार एकाच हाती असावा हे महत्त्वाचे. दोघे आपापल्या मताने तोडू लागले म्हणजे बियाण्यासाठी राखलेला दोडका एक दिवस कालवणात जातो.

नोंदवहीचा उपयोग फार आहे. पीकपाहणीत आयुष्य गेलेल्या माणसास ही सवय सुटत नाही, हे खरे. परंतु कोणत्या तारखेस काय पेरले, पहिली तोडणी केव्हा झाली व बी कोठून आणले, एवढे तीन रकाने ठेवले तरी दुसऱ्या वर्षी चुकण्यास जागा राहत नाही. आम्ही हंगामाच्या अखेरीस प्रत्येक वाफ्याची आणेवारीही लिहीत असतो. एके वर्षी भोपळ्याचा वेल मांडवभर पसरलेला पाहून बारा आणे पीक लिहिले असता कुटुंबाने वहीत डोकावून म्हटले, “अहो, आणेवारी पानांवरून कशी धरता? ताटात काय पडले ते मोजा.” त्या वेलास फुले उदंड होती, परंतु फळे दोनच धरली होती. भोपळ्यास नर व मादी फुले निराळी येतात; पावसाच्या झडीत मधमाश्या फिरकत नाहीत, व फलधारणा होत नाही. त्या वर्षापासून सकाळच्या प्रहरी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलास लावण्याचे काम कुटुंबाने आपल्याकडे घेतले. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखावे.

कुत्रा व वाफे

कुत्रा व बाग ही एकत्र नांदत नाहीत असे पुष्कळांचे म्हणणे आहे. आमचा मोत्या हा गावठी जातीचा कुत्रा आहे. गावठी कुत्रा आपल्या हवेस सरावलेला, थोडक्यात भागणारा व निरोगी असतो. मुधोळ अथवा कारवानी कुत्रा दिसण्यास देखणा असला तरी त्यास धावण्यास मोकळे रान पाहिजे. मोत्या प्रथम आला तेव्हा वाफे तुडवी, नव्या खताची माती उकरी व कोवळ्या रोपांवर लोळे. तेव्हा कुत्रा ठेवावा की बाग, असा प्रश्न घरात उभा राहिला होता. पंधरा दिवस त्याची चाल पाहता उत्तर त्यानेच दिले.

कुत्र्याचा स्वभाव राखणीचा आहे. तो दिवसातून अनेक वेळा हद्दीवरून फेरी घालतो. कुंपणालगत वाट नसली तर तो वाफ्यातून वाट पाडतो. म्हणून वर सांगितलेली दोन फुटांची पट्टी सोडावयाची; ती मिळाली की तो तिच्यावरूनच फिरतो. दुसरे असे की, उन्हाळ्यात तो गारव्यासाठी माती उकरतो. त्यास शेवग्याखाली किंवा लिंबाखाली वाळूचा हातभर खोल खड्डा करून द्यावा व दुपारी त्यावर पाणी शिंपडावे, म्हणजे त्यास वाफा उकरण्याचे कारण राहत नाही. नवीन पेरलेल्या वाफ्यावर रोपे वीतभर होईतो बाभळीच्या फांद्या किंवा जुनी जाळी पसरावी. कुत्र्याच्या मूत्रात नत्राचा व क्षारांचा अंश अधिक असल्याने पाने करपतात. कुंपणाच्या कोपऱ्यात एक खुंट रोवल्यास बहुधा तो तेथेच जातो.

एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. गाई-म्हशींचे शेण खत होय. कुत्र्याची विष्ठा खत नव्हे. तीत जंतांची अंडी असतात व ती मातीत दीर्घकाळ टिकतात. घरगुती खड्ड्यात ती मरतील इतकी उष्णता निर्माण होतेच असे नाही, आणि कोथिंबीर, मुळा, गाजर ही कच्ची खाण्यात येतात. सबब ती भाजीच्या खतात कधीही मिसळू नये. निराळी खोल पुरावी. कुत्र्यास जंतांचे औषध दर तीन महिन्यांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे.

परसातील विषे

गेल्या आषाढात आमच्या आळीतील एका घरचा चांगला राखणदार कुत्रा दोन दिवसांत दगावला. गुलाबांच्या आळ्यांत एरंडी पेंड घातलेली होती. ती त्याने उकरून खाल्ली. रात्री ओकाऱ्या, सकाळी रक्ताची हगवण, व दुसऱ्या रात्री खेळ आटोपला. घरमालकाने पेंड मोठ्या विश्वासाने आणली होती, कारण ती खत म्हणून उत्तम आहे व सर्व दुकानांत मिळते. परंतु एरंडाच्या बियांत रिसिन नावाचे जहाल विष असते. ते तेलात उतरत नाही. योग्य उष्णता देऊन नष्ट केले नसल्यास पेंडीत राहते. त्यावर उतारा नाही. शिवाय पेंडीच्या वासाने कुत्र्यास ती खाद्यच वाटते. ज्या घरी कुत्रा आहे त्या घरी एरंडी पेंड आणूच नये. निंबोळी पेंड वापरावी. ती कडू असल्याने कुत्रा सहसा तिला तोंड लावीत नाही.

दुसरे विष उंदरांच्या औषधाचे. झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या धान्यात घालून ठेवतात. कुत्र्याने त्या किंवा विष खाल्लेला उंदीर खाल्ला तरी जीव धोक्यात येतो. परसात उंदरांस पिंजरा लावावा. तिसरे, झाडांचे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तसेच तांबडी कण्हेर ह्यांचा प्रत्येक भाग हृदयास घातक आहे. धोतरा व मोगली एरंड हेही विषारीच. कुंपणास ही झाडे लावण्याचा प्रघात आहे. कुत्रा, वासरू किंवा रांगते मूल घरी असल्यास त्याऐवजी मेंदी अथवा अडुळसा लावावा. चौथे, स्वयंपाकघरातील. कांदा, लसूण, द्राक्षे व मनुका ही माणसाची पथ्यकर खाद्ये कुत्र्यास बाधतात. कांद्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, द्राक्षांनी मूत्रपिंडे निकामी होतात. उरलेली कांद्याची आमटी भाकरीवर ओतून कुत्र्यापुढे ठेवण्याची रीत सोडून दिली पाहिजे.

विषबाधेचा संशय आल्यास मिठाचे पाणी पाजून वांती करविण्याचा प्रयत्न करू नये. त्यानेच अपाय होतो. जे खाल्ले त्याचा नमुना किंवा डबा बरोबर घेऊन तडक पशुवैद्याकडे जावे.

पिसाळणे

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीज हा रोग होतो, आणि त्याची लक्षणे एकदा प्रकट झाली म्हणजे मनुष्य बहुधा वाचत नाही. लुई पाश्चर यांनी सन १८८५ मध्ये ह्या रोगावरील लस मनुष्यास प्रथम टोचली. आपल्या देशात कसौली येथे सन १९०० मध्ये पाश्चर संस्था स्थापन झाली. पोटात चौदा सुया टोचून घ्याव्या लागत, त्या भीतीने पुष्कळ लोक मांत्रिकाकडे जात. ती पद्धत आता बंद झाली आहे. हल्लीची लस दंडात थोड्याच वेळा घ्यावी लागते. तरीही खेड्यांतून मिरची भरणे, चुना लावणे हे उपाय अद्याप ऐकू येतात. ते सर्वथा वर्ज्य होत. कुत्रा चावल्यास किंवा त्याचे दात लागून ओरखडा उठल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असल्यास लसीबरोबर निराळे प्रतिद्रव्यही टोचावे लागते; ते डॉक्टर ठरवितील.

घरच्या कुत्र्यास पिल्लू तीन महिन्यांचे होताच ही लस द्यावी व पुढे दरसाल द्यावी. आमच्या वहीत मेथीच्या रकान्याशेजारीच मोत्याच्या लसीची तारीख लिहिलेली असते. त्यामुळे ती चुकत नाही.

रविवारची फेरी

बाग घराशी जखडून ठेवते. म्हणून आठवड्यातून एक दिवस तिजपासून दूर गेले पाहिजे. आम्ही उभयता दर रविवारी मोत्यास घेऊन बाहेर पडतो. पावसाळ्यात अजिंक्यताऱ्याची चढण, हिवाळ्यात यवतेश्वराच्या बाजूचा डोंगर, उन्हाळ्यात माहुलीचा संगम, असा साधारण क्रम आहे. माहुली येथे कृष्णा व वेण्णा ह्यांच्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, आणि त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही आहे. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. सन १७४९ मध्ये छत्रपती निवर्तले. आज पावणेतीनशे वर्षांनंतरही लोक त्या मुक्या जनावराचे नाव घेतात, ह्यात पुष्कळ अर्थ आहे.

ह्या फेरीचा बागेस प्रत्यक्ष लाभ होतो. वाटेतील शिवारात कोणत्या पिकावर कोणता रोग आला हे आधी कळते. तो परसात येण्यापूर्वी आठ दिवसांची सवड मिळते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून गावरान वांग्याचे किंवा तांबड्या भोपळ्याचे बी मिळते, व आपले जादा बी त्यास देता येते. बाजारात मिळणारे बी पुष्कळदा संकरित असल्याने त्याचे धरलेले बी मुळाप्रमाणे निपजत नाही. जुन्या वाणांचे बी अशा देवघेवीनेच टिकणार आहे. कुटुंबाच्या पदराच्या गाठीत रविवारी संध्याकाळी काही ना काही बी असतेच.

कुत्रा बरोबर असता काही नियम पाळावे. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतावे. कुत्र्यास मनुष्याप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग निववतो, व डांबरी सडकेने त्याचे तळवे पोळतात. पाणी बरोबर घ्यावे. दिवाळीच्या सुमारास माळावरील कुसळी गवत वाळते. त्याची कुसळे बोटांच्या बेचक्यात व कानात शिरून आत सरकतात व गळू होते. घरी येताच कान, काखा व पंजे तपासावे. गोचीडही तेव्हाच काढाव्या. त्यांच्यामुळे कुत्र्यास ताप येतो व रक्त कमी होते.

माळावर कुत्रा मोकळा सोडू नये. हे अनेकांस रुचणार नाही, कारण कुत्रा सशामागे धावताना पाहणे ही रानातली जुनी करमणूक आहे. परंतु सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार ह्या शब्दाच्या व्याख्येत पाठलाग व हाकाटी ह्यांचाही समावेश आहे. दुसरे कारण रोगाचे. कुत्र्यांतील डिस्टेंपर हा रोग कोल्हे, लांडगे आदी रानटी जनावरांस होतो. सन २०१८ मध्ये गीरच्या जंगलात अनेक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात ह्याच रोगाचे विषाणू आढळले होते. तिसरे, धनगरांचे कळप माळावर बसलेले असतात. परक्या कुत्र्याने मेंढरे बुजतात, गाभण मेंढी गाभडते, आणि धनगराचे कुत्रे आपल्या कुत्र्यास फाडल्यावाचून राहत नाहीत. दोरी हातात ठेवून कळपास लांबून वळसा घालावा.

जमाखर्च

परसबागेचा नफा रुपयांत काढू गेल्यास तो थोडाच दिसतो. आमच्या परसावर दोन खोल्या बांधून भाड्याने द्याव्या, असा सल्ला एका बांधकाम करणाऱ्या गृहस्थाने दिला होता. आकडे त्याच्या बाजूचे होते. निवृत्तिवेतनात भाड्याची भर नको कोणास? मुले पुण्यास, घर मोठे, आणि दुखण्याखुपण्याचा खर्च वाढता. आम्ही कागदावर हिशेब मांडला. कुटुंबाने तो पाहून एवढेच विचारले, “खोल्या झाल्यावर सकाळी उठून तुम्ही कुठे जाल? आणि मोत्या कुठे जाईल?” ह्या प्रश्नास हिशेबात रकाना नव्हता. सेवानिवृत्तीनंतर पहिल्या वर्षी आमच्या घरात उभयतांचे बोलणे औषधांचे व विजेच्या बिलाचे तेवढे उरले होते. आता रोज सकाळी बोलण्यास विषय असतो: कोणता वेल चढला, कोठे अळी पडली, रविवारी कोणत्या वाटेने जावे. खोल्या बांधल्या नाहीत.

तरुण शेतकरी दांपत्यांस आमचे सांगणे एवढेच की, हे निवृत्तीपर्यंत लांबणीवर टाकू नये. ऊस कितीही एकर असो, घरामागील आठ आणे जमीन त्यातून वगळावी. येत्या मृगापूर्वी खताचा खड्डा भरून ठेवावा, कुंपणाच्या आत दोन फुटांची पट्टी आखावी, एरंडी पेंड असेल तर ती परसातून काढावी, आणि कुत्र्यास लस टोचून घ्यावी. ही चार कामे ज्या घरी झाली त्या घरी श्रावणात विकतची भाजी आणावी लागणार नाही, आणि मुलांस अंगणात निर्धास्तपणे खेळता येईल.